अठ्ठेचाळिसावी न्हाणी

कुंदाताई डोंगरवार. आधी हे नाव लिहून ठेवतो, मग बाकीचं. रायपूरच्या समता कॉलनीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं नकाशांचं ऑफिस होतं, आणि त्या ऑफिसात माझ्यासारख्या आठवी शिकलेल्या, पाय मोडून बसलेल्या सेंट्रिंगच्या माणसाला त्यांनी कॉम्प्युटरपुढे बसवलं. पुसदकडे राहणाऱ्या माझ्या आईला मी फोनवर ‘ऑफिसात आहो’ असं सांगू शकतो, ते त्यांच्यामुळं. ताईंना जाऊन आता सहा आठवडे होतील. त्या सकाळी मी बीरगांवच्या खोलीवर डबा भरत होतो. दीपिका साहूचा फोन आला. ताई, दीपिका आणि मी, एवढंच आमचं ऑफिस. “भैया, दीदी नहीं उठीं,” ती म्हणाली. मला वाटलं, झोप लागली असेल, कधी नाही ते. “तो जगाओ ना,” असं मी चक्क म्हणालो... पलीकडून रडणं ऐकू आलं तेव्हा समजलं. डब्याचं झाकण हातातच होतं. ते लावू की नको, हेच मला किती वेळ ठरवता येईना.

तेरवीला त्यांच्या भावाच्या अंगणात बरीच माणसं जमली होती. रेल्वेतले जुने शेजारी, दवाखान्यातले डॉक्टर, कंत्राटदारांची माणसं. पंगत बसलेली होती आणि माझ्यासमोरच तिवारीजी होते. नव्या राजधानीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्वार्टरांचं काम आम्ही ज्या कंत्राटदारासाठी केलं, त्यांचे ते साइट इंजिनिअर. माणूस मनानं वाईट नाही. ताईंबद्दल चांगलंच बोलत होते. म्हणाले, इतकं साफ काम मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “दीदी से पूरी उमर में एक ही गलती हुई, वो पहले माले का स्लैब। और वो भी खुद मान ली।” लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी हळहळलं. ताटात वरण वाढलं जात होतं आणि मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. दीपिका वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि पुढच्या पानाकडे गेली. ती चूक ताईंची नव्हती. माझी होती. हे तिघांना ठाऊक होतं, त्यातली एक गेली, एक बोलणार नव्हती, आणि तिसरा भात कालवत होता.

म्हणून हे लिहायला बसलो. मला लिहायची सवय नाही. चुकलं असेल तिथं सांभाळून घ्या.

ताई मूळच्या गोंदियाकडच्या, पण जन्म रायपूरचाच. वडील रेल्वेच्या बांधकाम खात्यात मिस्त्री होते. ताईंनी कागदावर शाईनं नकाशे काढण्यापासून सुरुवात केली, आणि पन्नाशीच्या तोंडावर, ज्या वयात लोक चष्म्याचा नंबर वाढला म्हणून काम सोडतात, त्या वयात कॉम्प्युटरवर आख्खी इमारत उभी करायला शिकल्या. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, “जमिनीचा उतार पाहता येते, माणसाचा नाही पाहता येत.” माझी त्यांची पहिली भेट साइटवर झाली. मी तेव्हा सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबसाठी फळ्यांचा साचा ठोकणाऱ्या टोळीत होतो, गावाहून येऊन दोनच वर्षं झाली होती. खाली स्लॅबवर खडूनं न्हाणी आखलेली होती, आणि मला दिसत होतं की दरवाजा पूर्ण उघडणारच नाही. ठेकेदाराला सांगितलं तर त्यानं हाकललं. मग नकाशा घेऊन एक बाई आल्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात साध्या चपला. त्यांच्याजवळ जाऊन तोंडातून आपसूक मराठीच निघालं. म्हटलं, बाई, हा दरवाजा संडासच्या भांड्याले लागते. त्यांनी नकाशा पाहिला, खडू पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“कुठचा रे तू?”

“पुसदकडचा.”

“मंग इकडे काय करून राहिला?”

“पाट्या ठोकून राहिलो जी.”

त्या हसल्या. म्हणाल्या, तू एका घरातली चूक नाही पकडली बाबा, सगळ्या घरांतली पकडली. मला त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही. पुढच्या वर्षी मी पाटीवरून घसरलो, घोटा मोडला, जुळला तो वाकडा. चढणं बंद झालं. टोळी उरला या औद्योगिक भागातल्या एका कारखान्याच्या शेडवर गेली आणि मी खोलीवर राहिलो. गावी परत जाण्यासारखं काही नव्हतं, आणि इथं राहण्यासारखंही काही उरलं नव्हतं. ताईंनी साइटवर विचारलं, तो पुसदवाला कुठे गेला. पत्ता काढून त्या बीरगांवला आल्या, दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, सोमवारी ऑफिसात ये. मी म्हटलं, “ताई, मले नाही जमणार. आठवी पास आहो मी.”

“पास आहेस ना? मंग?”

ऑफिसात काम कसं चालायचं ते थोडं सांगावं लागेल. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा लागत असेल तर तिचा ग्रुप करून ठेवतात. समजा न्हाणी. तिच्या भिंती, दरवाजा, झरोका, भांडं, नळ, पाणी जायची जाळी, आणि पाइप लपावेत म्हणून तिथं स्लॅब जेवढा खाली उतरवतात तो खोलगट भाग, हे सगळं एकत्र बांधायचं, नाव द्यायचं, आणि मग तीच न्हाणी अठ्ठेचाळीस घरांत ठेवायची. एका न्हाणीचा ग्रुप उघडून नळ चार बोटं सरकवला, की ग्रुप बंद करताच अठ्ठेचाळीस घरांतले नळ सरकतात. सोय मोठी आणि धोकाही तेवढाच. त्यात आमच्याकडे फाइल तिघांच्या मशीनवर तीन, संध्याकाळी ताई सगळं एकात आणायच्या. दोघांनी एकाच दिवशी न्हाणी उघडून वेगवेगळं काही केलं, की संध्याकाळी एका नावाच्या दोन न्हाण्या व्हायच्या, एकीच्या पुढे नुसता दोनचा आकडा, आणि खरी कुठली ते देवालाच ठाऊक.

यावर ताईंनी काढलेला उपाय मी दुसऱ्या कुठल्याच ऑफिसात पाहिला नाही. त्यांच्या वडिलांचा पितळी ओळंबा होता. भिंत सरळ उभी आहे की नाही ते पाहायला मिस्त्री दोरीला बांधून सोडतात तो. दीपिका त्याला साहुल म्हणते. नियम असा, की ज्याच्या टेबलावर ओळंबा, त्यानंच ग्रुप उघडायचा. उठून ओळंबा आणायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, “न्हाणी उघडली.” काम झालं की “न्हाणी मिटली,” आणि ओळंबा खिडकीच्या खिळ्याला परत. मध्ये कोणी त्याला हात लावायचा नाही, ताईंनीसुद्धा नाही. एकदा ते ऐकून खालच्या दवाखान्यातले एक आजोबा जिना चढून वर आले आणि दारात उभे राहून अगदी नम्रपणे म्हणाले, खुली है तो मैं हो आऊँ क्या... दीपिका टेबलाखाली गेली हसून. ताईंनी मात्र आजोबांना हात धरून खाली नेलं आणि डॉक्टरांच्या न्हाणीचं दार उघडून दिलं.

मी शिकलो हळूहळू. पण भीती गेली नाही. फाइल जतन झाली का ते मी चारचारदा पाहायचो, जिना उतरून परत वर जायचो. आणि सगळ्यात जास्त भीती वाटायची ती ओळंबा मागायची. तो उचलायचा म्हणजे सगळ्यांनी कामावरून मान वर करायची, “न्हाणी उघडली” असं मोठ्यानं म्हणायचं, आणि आपण काय बदलतोय ते ताईंना सांगायचं. चुकीचं बोललो तर? दीपिकाकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होता. ती कधी टोचून बोलली नाही, पण मीच स्वतःला टोचत राहायचो.

त्या अठ्ठेचाळीस क्वार्टरांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जिन्यालगतचं एक घर होतं. खालच्या पोर्चचा बीम नेमका त्याच्या न्हाणीखाली येत होता. न्हाणी चार इंच बाजूला घ्यावी लागणार होती, फक्त त्या एका घरात. हे काम माझ्याकडे आलं. बाहेरची भिंत जागेवरच राहायची होती, म्हणून ग्रुप तसाच ठेवून ती एक न्हाणी सरकवता येत नव्हती. विचारायला पाहिजे होतं. ओळंबा दीपिकाच्या टेबलावर होता, ताई फोनवर होत्या, आणि मी... मी त्या एका घरातला ग्रुप तोडला. तोडणं एका बटणाचं काम आहे. सगळे भाग सुटे होतात. भिंत सरकवली, भांडं सरकवलं, दरवाजा बसवला. पडद्यावर ती बाकी सत्तेचाळीस न्हाण्यांसारखीच दिसत होती. मला बरं वाटलं. कोणाला त्रास न देता काम केलं, असं वाटलं.

तीन दिवसांनी प्लंबर आला आणि म्हणाला, पाइपाला उतार पुरत नाही. ताईंनी ओळंबा घेतला, न्हाणी उघडली, खोलगट भाग आठ इंचांचा बारा इंच केला, मिटली. सत्तेचाळीस घरांत स्लॅब चार इंच खाली गेला. सुट्या पडलेल्या त्या एका घरापर्यंत ते पोचलंच नाही. नकाशे छापून साइटवर गेले. छापायच्या आधी कुठला ग्रुप किती घरांत आहे याची मोजणी करायची ताईंची सवय, पण त्या आठवड्यात साइटवरून घाई होती, मोजणी मागे राहिली. शनिवारी सकाळी चहा पिता पिता त्यांनी यादी उघडली. न्हाण्या सत्तेचाळीस. ताई म्हणाल्या, एक कुठे गेली? दीपिका म्हणाली, दीदी, गिनती में कुछ होगा.  मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. मी सेंट्रिंगचा माणूस. त्या घरात पाइप बसणार नाहीत, मग फरशी वर उचलतील, न्हाणी घरापेक्षा उंच होईल आणि पाणी खोलीत येईल, हे मला त्या दोघींच्या आधी दिसत होतं. रविवारी सकाळी तिथला स्लॅब ओतला जाणार होता. आणि मी गप्प बसलो. सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत. त्या तीन तासांत ताई एकेक मजला, एकेक घर उघडून पाहत होत्या आणि मी समोर बसून खिडक्यांना नंबर देत होतो.

एकाच्या सुमाराला त्यांना ते घर सापडलं. पडद्यावर आख्ख्या न्हाणीऐवजी तिच्या दोन भिंतीच सुट्या निवडल्या गेल्या. कोणी केलं, असं त्यांनी विचारलं नाही. त्या घराचं काम कोणाकडे होतं ते त्यांना ठाऊकच होतं. ओळंबा पिशवीत टाकला, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “आपल्यात सेंट्रिंगवाला कोण आहे? चल.”

स्कूटरवर मी मागे. नव्या राजधानीचा तो रस्ता तेव्हा रुंद आणि रिकामा, दोन्ही बाजूंना नुसती लावलेली रोपं, सावली कुठं नाही. मी सगळ्या रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. ताई, माझ्यानं चुकलं. ताई, मले घरी नका पाठवू. एकही तोंडातून निघालं नाही. साइटवर सळया बांधून तयार होत्या. तिवारीजींना ताईंनी नकाशा दाखवला. ते भडकले. उद्यासाठी काँक्रीटचं मशीन सांगितलं होतं, मजूर बोलावले होते. पण सळया सोडवून साच्याचा तळ चार इंच उतरवल्याशिवाय इलाज नव्हता. मी चप्पल काढली आणि वाकड्या पायानं शिडी चढलो. दोन सुतार मदतीला आले. टेके सैल करून पाट्या उतरवल्या, बाजूच्या फळ्या नव्यानं उभ्या केल्या. ताई वर आल्या, पिशवीतून ओळंबा काढला आणि माझ्या हातात दिला. ऑफिसात इतकी वर्षं नुसता टेबलावर बसलेला तो ओळंबा मी दोरीला बांधून फळीलगत सोडला. मी दोरी सारखी पुढेमागे करत होतो, म्हणून तोही डोलत होता. ताई म्हणाल्या, थांब जरा, तोही थांबेल.

तेवढ्यात तिवारीजी शिडीवरून अर्धे वर आले आणि विचारलं, “ये गलती की किसने है?” दोरी माझ्या बोटांत होती. मी तोंड उघडलं होतं, हे मी देवाशपथ सांगतो... पण ताईंचा आवाज आधी आला. “मेरी है। ग्रुप मैंने तोड़ा था।”

स्लॅब एक दिवस उशिरा ओतला गेला. त्या घरात पुढं कोण राहायला आलं मला माहीत नाही, पण त्यांच्या खोलीत पाणी येत नसेल एवढं नक्की. शेजारच्या दुसऱ्या इमारतीचं काम आमच्याकडे यायचं होतं, ते आलं नाही. दुसऱ्या ऑफिसाकडे गेलं. ताईंनी त्याचा विषय एकदाही काढला नाही. परतताना एका टपरीवर थांबलो. मी रडत होतो की घाम होता, मलाच कळत नव्हतं. म्हटलं, ताई, काहून केलं तुमी असं?

त्या चहा फुंकत होत्या. म्हणाल्या, “तुझं नाव घेतलं असतं तर त्यानं आठवी पास पाहिला असता, चूक नसती पाहिली. माझी आहे म्हटलं, तर तो नुसती चूक पाहते.” मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, “आणि तोडली त्याचं मले काही नाही. ती न्हाणी वेगळीच होती, ती बाकीच्यांसारखी होऊच शकत नव्हती. वेगळी आहे तर वेगळं नाव देऊन ठेव. लपवून नको ठेवू. लपवलं की तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही.”

सोमवारी त्यांनी मला शेजारी बसवलं. ओळंबा माझ्या टेबलावर ठेवला आणि “न्हाणी उघडली” असं मला म्हणायला लावलं, दोनदा, कारण पहिल्यांदा दीपिकालाही ऐकू गेलं नव्हतं. मूळ न्हाणीची प्रत काढून तिचा नवा ग्रुप केला, चार इंच सरकवलेला, बारा इंच खोल. नाव त्यांनीच टाइप केलं, ‘न्हाणी-पोर्च-देवीदास’. मी म्हटलं, नाव काढा जी, लाज वाटते. म्हणाल्या, राहू दे, ज्यानं बसवली त्याचं नाव. यादीत आता दोन ओळी दिसत होत्या, एकीपुढे सत्तेचाळीस, दुसरीपुढे एक. बेरीज अठ्ठेचाळीस. त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. ओळंबा मागायची भीती गेली म्हणणार नाही, पण मी मागत राहिलो.

हा लेख अर्धा लिहून झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिवारीजींना मराठी येत नाही. ज्या पुरवणीत हे छापून येईल, ती त्यांच्या हाती कधी पडणार नाही. म्हणजे मी परत तेच करत होतो, कोपऱ्यातल्या घरात सगळं नीट करून ठेवायचं आणि कोणाला सांगायचं नाही. गेल्या शनिवारी त्यांच्या साइटवर गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं. वो स्लैब वाली गलती दीदी की नहीं थी, ग्रुप मैंने तोड़ा था.  त्यांनी विचारलं, तो दीदी ने क्यों कहा? टपरीवरचं वाक्य मी त्यांना हिंदीत सांगितलं, जसं जमलं तसं. त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.  मग हळूच म्हणाले, “उसी गलती पर अगली बिल्डिंग उनको हमने ही नहीं दी, देवीदास।” मी म्हटलं, हव, मालूम है.

ऑफिस आता दीपिका आणि मी चालवतो. एका वसतिगृहाचं काम सुरू आहे, सगळ्या खोल्या सारख्या. ताई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी खोलीचा ग्रुप त्यांच्याकडे होता. ओळंबा त्यांच्या टेबलावर, चष्म्याच्या डबीशेजारी, तसाच राहिला. ज्याच्या टेबलावर तो, त्याच्याकडे काम; मग उचलायचा कोणी? दोन आठवडे आम्ही जिने काढले, खिडक्या काढल्या, खोलीला हात लावला नाही. शेवटी दीपिकाच म्हणाली, भैया, अब आप उठाओ. मी उठलो, त्यांच्या टेबलापाशी गेलो. पितळ गार होतं. रिकाम्या खुर्चीला ऐकू जाईल असं म्हटलं, “खोली उघडली.” काम करून संध्याकाळी मिटली आणि ओळंबा खिळ्याला टांगला. तो जरा वेळ हलला, मग थांबला.

ताई, कधीतरी त्या तिसऱ्या टेबलावर कोणी नवीन बसेल. कधीतरी त्याच्या हातून काही तुटेल आणि तो सकाळपासून दुपारपर्यंत गप्प बसेल. मी ओळखीन, मला ते गप्प बसणं पाठ आहे. तेव्हा साइटवर कोणी शिडीवरून विचारलं, किसने की, तर माझा आवाज आधी येईल. तुमचं माझ्यावर जे आहे, ते मी त्या दिवशी फेडीन.